दाढेचं निमित्त

गोष्ट १९७४ सालची. नकाशे काढणाऱ्या एका कचेरीतला आरेखक सोमवारी सकाळी आपल्या उंच स्टुलावर बसला आणि लगेच उठला. जिथं दुखलं तर पुरुष "काही नाही" म्हणतात, तिथं डाव्या बाजूला चार दिवस दुखत होतं. आज सूजही आली होती. त्या काळी पुरुषांना बेंबीपासून मांडीपर्यंत शरीर नसायचंच. असलंच तर त्याचा उल्लेख फक्त शिवीत व्हायचा.

तो उभ्या उभ्याच नद्या काढू लागला.

"बसत का नाहीस रे?" हेडक्लार्क अण्णांनी विचारलं.

"दाढ ठणकतेय, अण्णा." तोंडात आलं ते तो बोलून गेला.

"दाढेला आणि उभं राहायला काय संबंध?"

"बसलं की कळ डोक्यात जाते."

शेजारी नकाशात रंग भरणारा एकदम उठला. "अरे, माझा मेहुणा दाताचा डॉक्टर आहे! चल, आत्ताच्या आत्ता!"

आरेखकानं पुष्कळ आढेवेढे घेतले. पण तो दातांच्या डॉक्टरला भितो असं सगळे धरून चालले. मेहुण्यानं चार दाढा ठोकून पाहिल्या. एकही दुखेना. तेव्हा "आतून किडली असणार" म्हणत त्यानं त्यातली सर्वांत धडधाकट दाढ उपटून हातावर ठेवली. आता माणूस वरूनही दुखत होता आणि खालूनही.

घरी बायकोनं त्याला दारातच थांबवलं. लग्नाला आठ महिने झाले होते.

"दाढ काढली ना? मग चालताय असे का, होडीतून उतरल्यासारखे?"

"कुठं काय?"

"मी विचारतेय, दुखतंय कुठं?"

त्यानं खालमानेनं सांगितलं. मग हळूच म्हणाला, "अगं, आपल्याला मूलच झालं नाही तर?"

"ते नंतर बघू. आधी डॉक्टर. आणि लाजायचं काय त्यात? चोरून आणलाय का तो अवयव?"

"हळू बोल, आई ऐकेल!"

"ऐकलंय मी," आतून आई म्हणाली. "सहा वर्षं आंघोळ घातलीय तुला मी. निघतोस की मीही येऊ डॉक्टरकडे?"

डॉक्टरांनी तपासलं. "जंतुसंसर्ग आहे. गोळ्या, आधाराची घट्ट चड्डी आणि दहा दिवस पडून राहायचं. बहुतेक सगळं ठीक होईल, मुलंही होतील. पण हयगय केलीत तर त्या बाजूचं काही खरं नाही. आणि एक लक्षात ठेवा, अचानक असह्य दुखलं, तर चार दिवस काय, चार तासही थांबायचं नसतं."

आता दहा दिवसांची रजा हवी. कचेरीत रजेची वही असे. तीत कारणाचा रकाना असे आणि रोज सकाळी अण्णा तो सर्वांसमोर मोठ्यानं वाचत, म्हणजे कुणाचं काम कुणाकडे जाणार ते कळे. दुसऱ्या दिवशी बायकोला फाटकाशी थांबवून आरेखक वर गेला. डॉक्टरांचा दाखला पाहताच अण्णांनी त्यावर पालथा हात ठेवला.

"दाढच लिही. कालचीच पुढं चालू."

"नाही, अण्णा. एका खोट्यापायी एक दाढ गेली. दर आजाराला एक देत गेलो तर रिटायर होईतो बोळका होईन."

"अरे, टायपिस्ट बाई बसल्यात इथं!"

"मला चार भाऊ आणि दोन मुलगे आहेत," बाई यंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या. "वाचा तुम्ही."

"मग रजा मंजूर होणार नाही," अण्णा कडाडले.

"नका करू. पण का नाही केली, तेही लिहा."

अण्णांचा हात हळूहळू बाजूला झाला. आरेखकानं नकाशाच्या मथळ्याला वापरायची जाड लेखणी काढली आणि रकाना भरून लिहिलं. अण्णांनी घसा तीनदा खाकरला. "अंडकोषाला सूज," त्यांनी वाचलं. रंगवाला फिस्सकन हसला. बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो समुद्राला निळा देऊ लागला.

दहा दिवसांनी आरेखक ठणठणीत होऊन परतला, तेव्हा अण्णा वहीच वाचत होते. त्याच्या नावाखाली दोघांची नावं चढली होती. दोघांचं कारण एकच: "वरीलप्रमाणे". आज तिसरं होतं. ते अण्णा पुटपुटल्यासारखे वाचून गेले.

"ऐकू आलं नाही, अण्णा," टायपिस्ट बाई म्हणाल्या.

अण्णा उठून उभे राहिले. "मी स्वतः. वरीलप्रमाणे. सहा वर्षांपासून."

अण्णांची अंडवृद्धी निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि पुढं ते लग्नकार्यातसुद्धा अनोळखी पुरुषांना कोपऱ्यात घेऊन डॉक्टरांचा पत्ता देऊ लागले. रंगवाल्याच्या मेहुण्यानं दवाखाना विकून चपलांचं दुकान काढलं, ते चाललं. टायपिस्ट बाई पुढं हेडक्लार्क झाल्या. आरेखकाला दोन मुली आणि एक मुलगा झाला. आई नव्वद वर्षं जगली. बायको मात्र गल्लीत बदनाम झाली. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना तिच्याकडे धाडत, कारण घरी जे महिनोन्‌महिने बोलत नसत, ते तिच्यासमोर पाच मिनिटांत बोलत. बदनामीचं तिला काही वाटलं नाही. तिनं दाराशी एक बाक टाकून घेतलं.