बत्तीस जीबीचं घर

आमच्या घरात पाच माणसं आहेत आणि त्यातल्या चौघांची सगळी आठवण माझ्या फोनमध्ये असते. फोन बत्तीस जीबीचा आहे. स्वस्तातला, तळहातात मावणारा. डाव्या कोपऱ्यात टच चालत नाही, तिथलं काही दाबायचं असेल तर फोन आडवा करावा लागतो.

फोन आला त्याच आठवड्यात घरातल्या थोरांनी लक्षात ठेवायचं बंद केलं. "त्यात आहे ना, मग डोक्याला कशाला ताप," असं दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. फोन हँग झाला की चौघं हातातला घास हातातच धरून बसतात. बंद करून चालू केला की पुढे खातात. पाचवा मी. माझं मी डोक्यातच ठेवतो. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडल्यापासून तिथं जागाच जागा आहे, असं आबा म्हणतात. आबा म्हणजे दादांचे थोरले भाऊ. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असतो. पहिलाही, आणि मधले बरेचसे.

गेल्या रविवारी अकरा वाजता माझ्या बहिणीची, नम्रताची, नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. घरूनच, फोनवर. साडेनऊला परीक्षेचं ॲप उतरवायला लावलं, तर स्क्रीनवर आलं: जागा शिल्लक नाही. तीन जीबी मोकळे करा. परीक्षा वर्षातून एकदाच असते, आणि यंदा नाही जमलं तर पोरीचं लग्न उरकायचं हे आबांनी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं.

म्हणून पावणेदहाला पुढच्या खोलीत बैठक बसली. मी फोन आडवा करून यादी वाचली.

"कंपनीचं स्वतःचं, नऊ जीबी."

"कंपनीला एवढं काय आठवायचं असतंय?" आबा म्हणाले.

"ते काढता येत नाही. दादा, पाच. त्यातलं चार लोकांनी पुढं ढकललेलं. आई, एकशे दहा एमबी."

"एवढंच?" नम्रतानं विचारलं.

एवढंच. बाकीचं आईनं वेळोवेळी आबांना आणि दादांना जागा म्हणून देऊन टाकलं होतं. तिचं माहेर गेल्या मार्चमध्ये गेलं.

"नमी, अडीच. आबा, पंधरा."

आबांनी मान डोलावली. पंधरा ऐकून त्यांना बरं वाटलं.

"नमीचं बायोलॉजी केवढं हाय?" त्यांनी विचारलं.

"दोन जीबी."

"ते काढा."

"आबा, परीक्षाच बायोलॉजीची आहे," नम्रता म्हणाली.

"म्हणूनच की. ॲप आलं म्हणजे त्यात असणारच ते. एकच गोष्ट घरात दोनदा कशाला पायजे?"

"आबांच्या म्हणण्यात तथ्य आहे," दादा म्हणाले. आबांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं दादांना आजवर एकदाही आढळलेलं नाही.

"माझं काढा," आई म्हणाली.

"तुझं एकशे दहा आहे गं आई. त्यानं काय होतंय?" मी म्हणालो.

"तरी काढा. चहा जमला म्हणजे झालं मला."

"तू गप बस," नम्रता म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. पोरगी सहा महिने पहाटे उठून पाठ करत होती. दहा वाजून गेले होते.

मी आबांचं नाव उघडलं. सगळ्यात वर होतं: सर्जेरावाच्या पोराचं लग्न. साडेआठ जीबी.

सर्जेराव हे आबांचे चुलतभाऊ, गल्लीत आमच्या समोरच राहतात. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या पोराच्या लग्नात आबांना फेटा बांधला नाही. तेव्हापासून आबा समोरच्या दारात गेलेले नाहीत आणि आम्हालाही जाऊ दिलेलं नाही. ही गोष्ट ते दर सणाला सांगतात, आणि प्रत्येक वेळी सांगितली की फोनमध्ये तिची नवी प्रत तयार होते. एकूण दोनशे सत्तावीस प्रती होत्या. सगळ्यात जुनी बारा एमबीची. गेल्या सणातली सगळ्यात नवी सत्तर एमबीची, तिच्यात बँडवालेही आबांना हसत होते.

"त्याला हात लावायचा न्हाय," आबा म्हणाले. "तो माझा मान हाय."

"तो अपमान आहे, आबा."

"असंना का. माझा हाय."

मी सेटिंगमधला नियम वाचला. मूळ प्रत काढायची तर ज्याची आठवण त्याचा अंगठा लागतो. नकला काढायच्या तर फोन ज्याच्या नावावर आहे त्याचा. आबांनी चष्मा मागवून तो नियम दोनदा वाचला.

"हा कुणी केला?"

"कंपनीनं."

"आणि फोन कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या. तुम्हीच म्हणालेलात, आपलं आधार कार्ड द्यायला नको, उद्या काय लफडं झालं तर पोराच्या नावावर होऊ दे."

आबांनी दादांकडे बघितलं. दादांना त्यातही तथ्य आढळलं, पण ते बोलले नाहीत.

"विक्या, मी तुझ्या बापाचा थोरला भाऊ हाय!"

"ते कुठंच जात नाही, आबा. त्याची मूळ प्रत आहे," मी म्हणालो आणि अंगठा ठेवला.

दोनशे सव्वीस प्रती एकदम निघाल्यावर असला फोन हँग होणारच. आबांचं तोंड उघडं राहिलं. दादा आणि आई जागच्या जागी. नम्रताची वेणी हातात, अर्धी घातलेली. मी एकटा घड्याळ बघत उभा. चार मिनिटं गेली. मग बंद करून चालू केला.

आता आबांपाशी मूळ प्रत तेवढी होती, आणि ती त्यांनी अठरा वर्षांत उघडलेली नव्हती.

"फेटेवाला दोनदा आलता," ते म्हणाले. "मी पंगतीत होतो. म्हटलं, थांब, जिलबी येऊ दे."

आबांनी डोक्यावरून हात फिरवला.

"मग सर्जा स्वतः आला. फेटा घेऊन. मी झोपलोवतो."

"नमीचं वय आहे एवढी वर्षं घातलीत तुम्ही यात," मी म्हणालो. दादा मला गप्प करायला उठले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत बसले.

दहा एकावन्नला ॲप उतरलं. त्यात सूचना होती: परीक्षा चालू असेपर्यंत परीक्षार्थी सोडून फोनमधलं इतर सगळं बंद राहील. नम्रतानं "मान्य आहे" दाबलं, आणि पुढची नव्वद मिनिटं आमच्या घरात एकही थोर माणूस नव्हता.

बॅटरी चार टक्के होती. भिंतीतलं सॉकेट सैल झालंय, चार्जर हातानं दाबून धरला तरच चालतो. मी खोलीत नजर फिरवली. एक गृहस्थ रिकामे बसलेले होते.

"जरा हे धरता का?"

"धरतो की," आबा म्हणाले आणि भिंतीपाशी खाली फरशीवर बसले. इतक्या सरळ आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. दादा आणि आई एकमेकांशेजारी बसून, ओळख नसलेली माणसं बसतात तशी, अदबीनं गप्प होती. दादांनी आईला विचारलं, "तुम्हाला पाणी आणू का?" आणि खरंच आणलं.

साडेबाराला नम्रतानं शेवटचं बटण दाबलं. गुण लगेच येतात. एकशे वीसपैकी एकशे सहा. ती एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या घराची खिडकी उघडली.

"हुशार दिसतीय," आबा म्हणाले. "कुणाची पोरगी?"

"आमची."

मग ॲप बंद झालं आणि एकेकाचं परत येऊ लागलं. दादांनी हातातला रिकामा पेला घाईनं खाली ठेवला. आबा सगळ्यांत शेवटी आले. पंधरातलं जेवढं उरलं होतं तेवढं.

"मी हितं खाली काय करतोय रं?"

"काम," मी म्हणालो. "सोडू नका, अजून नऊ टक्केच आहे."