जाणारा वेगळा, सोडणारा वेगळा

वालावलीत आमच्या वाडीतून खाडीच्या तरीवर, म्हणजे होडीच्या धक्क्यावर, जाणारी वाट जगन्नाथ धुरी यांच्या घरापुढच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, जाते. धुरी दिल्लीहून निवृत्त होऊन गावी आले, त्या दिवसापासून पाच प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून त्या खळ्यातून कोणीही पलीकडे गेलेले नाही.

"प्रयोजन? मुदत? सोबत कोण? आपल्याऐवजी दुसऱ्या कोणी जाऊन भागेल काय? मागे कार्यभार कोणाकडे?"

ओसरीवर आरामखुर्ची, खुर्चीत इस्त्रीचा सदरा घातलेले धुरी, मांडीवर जाड पुठ्ठ्याची नोंदवही. मनुष्य सावंतवाडीला सोयरिकीसाठी निघालेला असो की समोरच्या काठावर तंबाखू आणायला, प्रश्न पाचच आणि क्रमही तोच. परत येताना पुन्हा ओसरीपुढे उभे राहायचे. मग नावापुढे 'परतले' असे लिहून ते तांबड्या पेन्सिलीने रेघ मारीत. गावाला यात गंमत वाटे. भागू मासळीवाली तर टोपली डोक्यावरून न उतरवता उत्तर देई, "प्रयोजन बांगडे, साहेबानु. आणि माझ्याऐवजी तुमी गेलात तरी भागात." धुरी हसत नसत. 'बांगडे' असे लिहून घेत.

मला मात्र यात गंमत वाटली नाही. मी तीस वर्षे सावंतवाडीच्या कोर्टात वकिली केली. धुरी यांच्या खळ्यातून जाणारी वाट ही वाडीची पिढीजात वहिवाट आहे, आणि वहिवाटीवरून जाणाऱ्याला प्रयोजन विचारण्याचा अधिकार या देशात कोणालाही नाही. शिवाय देशभर मोकळेपणाने संचार करण्याचा हक्क आम्हाला राज्यघटनेने दिला आहे, धुरी यांनी नव्हे. हे सर्व मी त्यांना चार पानी पत्राने कळवले. आमच्या दोन घरांमध्ये एक दगडी गडगा आणि दोन फणसांची झाडे एवढेच अंतर. तरी पत्र मी रजिस्टरने पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आले, तेही रजिस्टरने: "आपले पत्र पोचले. मुद्दे विचाराधीन आहेत." वर जावक क्रमांक घातलेला होता. त्या जावक क्रमांकाने माझे डोके जितके फिरले, तितके कोर्टात हरलेल्या कुठल्याही दाव्याने फिरले नव्हते.

पुढे चार वर्षांत मी त्यांना एकोणीस पत्रे लिहिली. एकोणीसही विचाराधीन राहिली.

धुरी यांची नोकरी काय होती हे सांगितल्याशिवाय हा मनुष्य कळायचा नाही. दिल्लीत एका खात्यात मंत्र्यांच्या परदेश दौऱ्यांची प्रकरणे त्यांच्या टेबलावरून पुढे जात. मंत्री म्हणजे उठला आणि विमानात बसला असे नसते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. निमंत्रण कोणाचे, ते खरोखर त्या देशाच्या सरकारचे की कुठल्या हौशी मंडळाचे. संसदेचे अधिवेशन चालू आहे काय. तिथला आपला राजदूत तेच काम करू शकणार नाही काय. बरोबर किती माणसे आणि कशाला. परराष्ट्र खात्याचे मत, अर्थ खात्याचे मत. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत वरची सही. हे सगळे निघण्यापूर्वी व्हायला हवे. आधी जाऊन यायचे आणि मग कागद रंगवायचे, या प्रकाराला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. हा शब्द उच्चारताना धुरी यांचा चेहरा नासलेले दूध हुंगल्यासारखा होई. "बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कार्योत्तर मंजुरी गेलेली नाही," असे ते सांगत.

एकदा एका मंत्र्याकडे काही दिवसांपुरता वरिष्ठांचाही, म्हणजे त्या सर्वांत वरच्या सहीचाही, कार्यभार आला. त्या गृहस्थाने संधी साधून स्वतःच्याच दौऱ्याच्या प्रस्तावावर मंजुरीची सही ठोकली. फाईल धुरी यांच्याकडे आली. धुरी यांचा हुद्दा तो काय, पण त्यांनी खाली एक ओळ लिहिली: "जाणारा आणि सोडणारा एकच दिसतो. आदेशार्थ सादर." मंत्र्याने बोलावून घेतले, आवाज चढवला. धुरी म्हणाले, "साहेब, आपण अवश्य जावे. पण ज्याचे प्रकरण, त्याची सही चालत नाही. जाणारा वेगळा, सोडणारा वेगळा." दौरा दोन दिवस लांबला, योग्य सहीने झाला, आणि धुरी यांची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली.

ही हकिकत मी प्रथम ऐकली त्या दिवशी, खरे सांगायचे तर, माझा राग थोडा उतरला. आज सरकारी खर्चाने जगभर हिंडणाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पाहतो, तेव्हा वाटते, यांच्या वाटेतही असे एक खळे असायला हवे होते. पण दुसऱ्या दिवशी मी कुडाळला निघालो आणि ओसरीवरून पुन्हा "प्रयोजन?" ऐकू आले. मी विसावे पत्र मनात जुळवू लागलो.

ते पत्र मात्र वहिवाटीविषयी लिहिले गेले नाही.

ज्येष्ठ संपता संपता धुरी यांच्या पत्नी जानकीबाई गडग्यापाशी आल्या. पदराआड एक निळे विमानपत्र होते.

"वकीलानु, तुमी सगळ्या सरकाराक पत्रां लिवतास. एक आमच्या ह्यांकाय लिवा."

त्यांचा एकुलता मुलगा मोहन सात वर्षांपूर्वी तीन दिवसांसाठी मुंबईला म्हणून गेला होता. त्याचे पुढचे पत्र आले ते एडन बंदरातून. तिथून तो मोंबासाला पोचला, एका पेढीत कारकून झाला, तिथेच आपल्यातली मुलगी पाहून लग्न केले. धुरी तेव्हा दिल्लीत होते. तेव्हापासून मुलाच्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर दिलेले नव्हते. आता मोहनने लिहिले होते, बायको आणि मुलीला घेऊन चतुर्थीला येऊ काय? बाबांनी 'ये' म्हटले तरच येईन. जहाजात जागा आधी धरावी लागते, तेव्हा लवकर कळवावे.

"बापाशीन 'ये' म्हटल्याशिवाय झील येवचो नाय," जानकीबाई म्हणाल्या. "दोगय सारकेच. आणि माझे डोळे बघतास मां, वकीलानु? एक गेलो, दुसऱ्यान अर्धां दिसता. नातीचां तोंड ह्या चतुर्थीक बघलंय तर बघलंय."

"तुम्ही स्वतः सांगितलेत का त्यांना?"

"सांगलंय. 'विचाराधीन आसा' म्हणतत."

त्या दुपारी मी चार पानी विसावे पत्र लिहिले. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत कडक पत्र असावे. मी विचारले, की ज्या गृहस्थाने परक्या मंत्र्यांची प्रकरणे वेळेत निकाली काढली, त्याने पोटच्या मुलाचे प्रकरण सात वर्षे कोणत्या नियमाने कुजवले? मुलगा न विचारता गेला हा अपराध मान्य केला, तरी आईने काय केले आहे? शेवटी लिहिले की तीन दिवसांत उत्तर न आल्यास मी स्वतः मोहनला 'ये' म्हणून तार करीन, मग माझ्यावर हवा तो दावा लावा.

रजिस्टर करण्याइतका धीर नव्हता. मीच गडगा ओलांडून पत्र त्यांच्या हातात दिले आणि समोर उभा राहिलो.

धुरी यांनी चष्मा लावून चारही पाने वाचली. मग आत गेले आणि लाल फीत बांधलेली एक फाईल घेऊन आले. वर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिले होते: 'चि. मोहन, परदेशगमन'.

पहिला कागद मोहनचा अर्ज. म्हणजे मुलाने विचारले होते. त्याखाली धुरी यांचा शेरा: 'प्रयोजन मोघम. खुलासा करावा.' मोहनचा खुलासा. 'मुदत नमूद नाही. फेरसादर करावे.' फेरसादर. 'मागे आईची व्यवस्था काय?' या तिसऱ्या शेऱ्याखाली मोहनचे काहीच नव्हते. तारीख पाहिली, त्यानंतर आठच दिवसांनी तो निघून गेला होता.

त्याच्या खालचा कागद पिवळा पडला होता. 'चि. मोहन याच्या परदेशगमनास कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. त्याने सोयीने केव्हाही परत यावे.' तारीख एडनचे पत्र आल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची. सहीची जागा कोरी.

"हे सात वर्षांपूर्वी लिहिलेत?" मी विचारले. "मग पाठवले का नाही?"

चार वर्षांत धुरी माझ्याशी कचेरीच्या मराठीखेरीज बोलले नव्हते. त्या दिवशी प्रथमच ते आमच्या बोलीत बोलले.

"सही कोणाची घालू, वकीलानु? झील माझो. अडवलो मीया, गेलो तो माझ्यामुळां. ज्याचां प्रकरण तेची सही चालत नाय. आता तेका सोडणारो मी कसो होतलंय?"

"अहो, मग गावात दुसऱ्या कोणाची घ्यायची."

"कोणाची? गावात सगळे माका हसतत. हसणाऱ्याची सही काय कामाची?" त्यांनी माझी चार पाने उचलून फाईलीत लावली, त्यावर आवक क्रमांक घातला. "तुमी एकटेच माझ्यावर रागावतास. रागावता तोच नेमाचो माणूस. पण सही करणाऱ्याक आपण जावन सांगूचां नसता. तेनी आपणहून विचारूक व्हयां. आज विचारलात."

त्यांनी टाक पुढे केला. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी वकील मनुष्य. तीन पानांच्या आत माझे म्हणणे कधी मांडून झालेले नाही. त्या कोऱ्या जागेवर मी 'मंजूर' एवढेच लिहिले आणि सही केली. तारीख घालताना थांबलो. सात वर्षांपूर्वीची घालावी काय, असे क्षणभर मनात आले.

"आजचीच घाला," धुरी म्हणाले. "उशीर झालो तो झालो. तो लपवूचो नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर आरामखुर्ची रिकामी दिसली. पोस्ट खाडीपलीकडे. मी तरीवर गेलो, तर धुरी इस्त्रीचा सदरा घालून, छातीशी पाकीट धरून होडीत चढत होते. निवृत्तीनंतर त्यांना कधी होडीत बसलेले कोणी पाहिले नव्हते. होडीवाला गजा तारी बांबू टेकून उभा होता. चार वर्षे रोज पाच उत्तरे देणाऱ्या माणसाला अशी संधी पुन्हा कधी मिळणार?

"साहेबानु," तो म्हणाला, "प्रयोजन?"

होडीतली माणसे हसायच्या बेतात होती. धुरी पाकिटाकडे पाहत राहिले.

"झील," ते म्हणाले.

गजाने बांबू पाण्यात घातला. उरलेले चार प्रश्न त्याने विचारले नाहीत.