सेतुरावांची मराठी भांडणं

सेतुराव तमिळमध्ये देवमाणूस आहेत. चेन्नईजवळच्या कोवलमच्या रस्त्यावर एका रिक्षावाल्यानं त्यांना सायकलसकट वाळूत लोळवलं, तर हे उठून म्हणाले, "परवायिल्लै तंबी," म्हणजे 'असू दे रे बाळा', आणि वर त्याच्याच रिक्षाचा आरसा सरळ करून दिला. मराठीत मात्र साक्षात जमदग्नी. आणि आमच्या सायकलवाल्यांच्या टोळीत मराठी येणारा मी एकटाच, हे माझं फुटकं नशीब.

मी बँकेतला माणूस, सांगलीहून बदलीवर चेन्नईला आलो. सेतुराव तंजावरकडचे, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, राहायला मैलापूरला. त्यांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या कावेरीकाठी मुरलेलं. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, "तूं महाराष्ट्रांतला का? मग सायकल अशी म्हशीसारखी कां चालवतोस?" ही आमची ओळख.

पोंगल झाल्यावर आम्ही श्रीलंकेला निघालो. नेगोंबोहून अनुराधपुरावरून त्रिंकोमाली, सगळं सायकलवर. विमानात चढवायला सायकली खोक्यात भरायच्या होत्या. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे मला कुठून ठाऊक! मी जीव खाऊन पाना फिरवत होतो आणि पॅडल आणखीच घट्ट होत होतं. "बँकेंत बसून बुद्धि अस्की गंजली काय रे?" सेतुराव ओरडले. अस्की म्हणजे सगळी. शेजारी एका डॉक्टरांनीही नेमका तोच घोळ घातला होता. त्यांना तमिळमध्ये काय सांगितलं? "डॉक्टर सार, थोडं या बाजूला फिरवून बघता का?" आता सांगा, हा न्याय झाला?

तिकडे पोचल्यावर तर कळसच. रांगेत सायकल चालवताना पुढच्यानं खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा आणि प्रत्येकानं ती खूण मागच्याला द्यायची, असा आमचा शिरस्ता. मी एकदाच, फक्त एकदा, पाणी पीत असताना खूण द्यायला विसरलो. मागे होते सेतुराव. खड्ड्यातून धडधडत बाहेर आले आणि पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत माझा उद्धार चालू. मी तिकडचं ते नारिंगी शहाळं घेतलं तर "पोट बिघडेल", नाही घेतलं तर "तहानेनं मरतोस काय?" रात्री खोलीही एकच. मी घोरतो यावरून बोलणी, आणि कुशीवर वळलो तर पलंग करकरतो म्हणून बोलणी.

वडीलधारा माणूस म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही. अनुराधपुरात मात्र माझं डोकं फिरलं. आमचा कप्तान मुरुगन याला मी स्पष्ट सांगितलं, "मला खोली बदलून दे, नाहीतर मी बसनं कोलंबो गाठतो आणि घरी जातो!" त्यानं खोली बदलून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेतुराव माझ्याकडे बघून हसले. "वणक्कम सार," म्हणाले. मला! सार! सकाळभर नुसतं तमिळ. मी पुन्हा खड्डा दाखवायला विसरलो, तर "परवायिल्लै सार." खरं तर मी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण मला भयंकर राग आला. एवढा राग मला शिव्या खातानाही आला नव्हता.

दुपारी टपरीवर थांबलो तेव्हा मी मुरुगनला गाठलं. "हा माणूस असा का वागतो?"

मुरुगननं मला टपरीमागे नेलं. मग म्हणाला, "त्यांची बायको मागच्या वर्षी गेली. घरात मराठी तेवढीच दोघं बोलायची. मुलं इंग्रजीत उत्तर देतात. ती गेल्यावर त्यांनी सायकलला हात लावला नव्हता. तुम्ही मराठी आहात असं मी सांगितलं, तेव्हा परत आले."

सेतुराव बाकावर एकटेच बसले होते. मला पाहून सरकले आणि अदबीनं म्हणाले, "टी, सार?"

त्या 'सार'नं माझं उरलंसुरलं भान गेलं. "सेतुराव, पुरे झालं तुमचं सार!" मी ओरडलो. "इतके दिवस तुम्ही बोललात, मी ऐकून घेतलं. तुमच्या बायकोनं तुम्हाला जन्मभर सहन केलं तरी कसं?"

बोललो आणि जीभ चावली. सेतुरावांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"ती कोठें सहन करीत होती रे," ते हळूच म्हणाले. "ती उलट बोलत होती. माझ्यापेक्षां मोठ्यानं. तूं बोलत नाहींस. तेंच तुझें चुकतें."

मग मी बोललो. त्रिंकोमालीपर्यंत त्यांचा एक शब्द खाली पडू दिला नाही. त्यांच्या ढिल्या साखळीवर बोललो, टोपीवर बोललो, त्यांच्या आगाऊपणावर तर घाटभर बोललो असतो, पण त्या वाटेवर घाट नाही. सेतुरावही मागे हटले नाहीत. मध्येच एकदा त्यांनी सायकल थांबवली, उपरण्यानं डोळे पुसले आणि श्रीलंकेतल्या धुळीला मराठीत शिव्या घातल्या.