बेर्तो जिराफ कसा झाला

एका जंगलात, म्हणजे फिलिपिन्सच्या बेटांवरच्या एका जंगलात, सगळे प्राणी बुटके होते आणि सगळ्यांना बास्केटबॉलचं वेड होतं. हसू नका, मुलांनो. वेड काही उंची विचारून लागत नाही.

तिथे नारळाच्या प्रत्येक झाडाला वेताची टोपली ठोकलेली असायची. लग्न असो, बारसं असो, मयत असो, आधी सामना आणि मग विधी. मयताच्या वेळी जरा आटोपतं घेत, एवढंच.

या जंगलात बेर्तो नावाचं पिसोरी हरीण राहायचं. पिसोरी म्हणजे जेमतेम सशाएवढं. पण बेर्तो चेंडू घेऊन निघाला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. जंगलाचा निळा सदरा घालून साऱ्या जंगलांच्या मोठ्या स्पर्धेत खेळायचं, एवढं एकच त्याला आयुष्यात हवं होतं. यंदा त्याची निवड झाली. आईने सदरा मापाचा करून दिला.

तेवढ्यात सभा भरली.

"आपण दरवर्षी का हरतो?" अध्यक्ष रेडा म्हणाला.

"उंची कमी पडते," माकड म्हणालं.

"मग उंची आणू या."

उंची आफ्रिकेतून आली. तिचं नाव ओकेलो. जिराफ होता बिचारा, स्वभावाने अगदी गरीब. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक जंगलाला एक परका चालायचा, पण त्याला आधी आपला करून घ्यावं लागे. सभेने एकमताने ठराव केला की ओकेलो इथेच जन्मला. म्हाताऱ्या घोरपडीने तर आपण त्याच्या बारशाला जेवल्याचंही सांगितलं.

"आणि मी?" बेर्तोने विचारलं.

"तू सदरा काढ," रेडा म्हणाला. "ओकेलोला द्यायचाय."

सदरा ओकेलोच्या गळ्यात मफलरसारखा बसला. बेर्तो सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

"जंगलासाठी त्याग कर," रेडा म्हणाला. "टाळ्या वाजवायला ये हं."

ही बातमी समुद्रापलीकडच्या जिराफांच्या जंगलात गेली. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. चेंडू जमिनीवर पडला की तो वाकून उचलेपर्यंत सामना संपायचा. त्यांनीही सभा भरवली आणि ठराव केला, की बेर्तो जन्मानेच जिराफ आहे, मान मागाहून येईल.

बेर्तोने आईकडे पाहिलं.

"खेळायचंय ना? मग जा बाबा," आई म्हणाली. "जिराफ तर जिराफ."

अंतिम सामन्यात नेमकी हीच दोन जंगलं समोरासमोर आली. शेवटच्या क्षणी बरोबरी होती. चेंडू बेर्तोकडे, आणि वाटेत ओकेलो. त्याच्या गळ्यात आपला निळा सदरा बघून बेर्तो क्षणभर अडखळला. पण तो त्याच्या पायांमधून सटकला, आपल्या संघातल्या एका जिराफाच्या मानेवरून धावत वर गेला आणि चेंडू टोपलीत टाकला.

बुटक्यांचं जंगल हरलं. तरी आपला बेर्तो जिंकला म्हणून त्यांनी मिरवणूक काढली. जिंकलेल्यांची एवढी मोठी नव्हती.

"चुकलंच आपलं," रेडा सभेत म्हणाला. "बोलवा बेर्तोला परत!"

बेर्तो धावत आला. आईने नवा सदरा शिवून ठेवला होता.

माकडाने डोकं खाजवलं. "पण हा तर ठरावाने जिराफ. म्हणजे परका."

"मग परक्याची जागा द्या," बेर्तो म्हणाला. "ओकेलो तर इथलाच आहे ना?"

"इथलाच. घोरपड साक्षीला आहे. पण परक्याची जागा उंचासाठी राखीव असते."

"अहो, याला मी जन्म दिलाय!" आई कळवळून म्हणाली. "इथेच, या नारळाखाली!"

"बरं," माकड म्हणालं. "बेर्तोच्या बाजूने एक मत."

मग बाकीच्यांनी विरुद्ध बाजूने हात वर केले.

तात्पर्य: मुलांनो, आपण कुठे जन्मलो हे कधी आईला विचारू नये. ती बिचारी तिथे नुसती हजर होती. सभेला विचारावं. तिथे बहुमत असतं.