त्यागमूर्तीची मोटार

निर्मला जरीकाठी लुगडं नेसून, बहिणीच्या डोहाळजेवणाची ओटी मांडीवर घेऊन मोटारीत बसली होती आणि मोटार काही सुरू होत नव्हती. तिचा नवरा सुधाकर समोर उभा राहून हँडल मारत होता. इंजिन एकदा खोकायचं, मागच्या नळीतून एक बार काढायचं आणि गप्प बसायचं. हँडलही आता पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. मध्येच उलटं फिरून ते त्याच्या मनगटावर असा तडाखा द्यायचं, की तो हात झटकत अंगणात एक चक्कर मारून यायचा. निर्मला समोरच्या काचेतून हे सगळं बघत होती. दर बाराला ती ओटीतला नारळ सावरून धरत होती.

बुऱ्हाणपूरला शनवाऱ्यात सुधाकरचं घर होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला केळीची अडत होती आणि धंदा बरा चालला होता. लढाईनंतर कुणा साहेबाने विकायला काढलेली मोटार त्याने घेतली होती. जुनी असली तरी ती नेमाने चालायची. पण पौषात खंडव्याहून परत येताना असीरगडच्या चढावर त्याचा साडू प्रकाश आपल्या नव्या गाडीतून मागून आला, भोंगा वाजवला आणि पुढे निघून गेला. मागच्या काचेतून मेहुणीने हात हलवला. तेव्हा निर्मला एवढंच म्हणाली होती, की आपली गाडी सावकाश जाते, त्यामुळे झाडं छान दिसतात.

त्या वाक्याने सुधाकरची झोप उडाली. गाडीची ताकद वाढवायची असं त्याने ठरवलं. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढून त्याने ते घासून पातळ करून आणलं, म्हणजे आतला दाब वाढतो. लष्करी भंगारात मिळालेला मोठा कार्बोरेटर बसवला, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. सायलेन्सर काढून टाकला, म्हणजे धूर मोकळा जातो. शेवटी सगळं इंजिन चंदेरी रंगाने रंगवलं. त्याने ताकद काही वाढणार नव्हती, पण बॉनेट उघडून साडूला दाखवायचं होतं.

डोहाळजेवणाला निघायच्या दिवशी या ताकदवान गाडीला गल्लीतल्या सहा माणसांनी शनवाऱ्यापासून सिंधीपुऱ्यापर्यंत ढकललं. तिथे तिने असा बार काढला, की एका टांग्याचा घोडा टांग्यासकट एका दुकानाच्या पायऱ्या चढला. गाडी तेवढ्यावरच थांबली. परत आणायला बैलजोडी लावावी लागली. बैलांमागून गाडी, गाडीमागून सुधाकर आणि त्याच्या मागून ओटी घेतलेली निर्मला अशी ती वरात घरी आली. दुपारच्या पॅसेंजरने निर्मला एकटीच बहिणीकडे खंडव्याला गेली. आपल्याला ताप आला म्हणून सांग, असं सुधाकरने तिला सांगितलं. ते मात्र खोटं ठरलं नाही, कारण संध्याकाळपर्यंत त्याला खरोखरच कणकण आली.

दुसऱ्या दिवसापासून तो अडतीवर पायी जाऊ लागला. वाटेत भेटले ते मोतीलालकाका. साठी उलटलेले, सडेफटिंग, गावातली कुठलीही सभा यांच्याशिवाय होत नसे. अडतीकडच्या लोकांना बैलजोडीची हकीकत अजून कळलेली नव्हती.

"काय रे सुधाकर, पायी? गाडी बिगडली का?" काकांनी विचारलं.

'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण काकांच्या मागे दोन-तीन व्यापारी उभे होते, आणि आपण गाडीची ताकद वाढवतोय हे सुधाकरने आधीच त्यांना सांगून ठेवलेलं होतं. त्याला 'हो' म्हणवेना. ते राज्यं नव्याने आखायचं वर्ष होतं. नागपूर मुंबईकडे जाणार, राजधानी भोपाळला होणार, मग बुऱ्हाणपूरचं काय, हे बोलणं पानाच्या गादीपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे चालू होतं. सुधाकरच्या तोंडून तेच निघालं.

"गाडी चांगली आहे काका. पण बुऱ्हाणपूर कुठं जातं त्याचा निकाल लागत नाही, तोवर मी गाडीत बसणार नाही."

त्याला वाटलं होतं, या वाक्यावर आठवडाभर निभावून जाईल. तेवढ्यात गाडी दुरुस्त करू. काकांनी मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळच्या सभेत त्यांनी ही शपथ जाहीर केली. बैलजोडी पाहिलेल्यांनाही ती इतकी आवडली, की त्यांनी बैलांचं नाव काढलं नाही.

मुंबईकडे जावं म्हणणाऱ्यांना वाटलं, सुधाकर आपला. भोपाळकडे जावं म्हणणाऱ्यांनाही वाटलं, आपलाच. शपथेत गावाने कुठे जावं हे त्याने सांगितलंच नव्हतं, त्यामुळे दोघांनीही त्याला हार घातले. मग इतरांनाही चेव आला. वसंत गुरुजींनी निकाल लागेपर्यंत दाढी न करण्याचं ठरवलं. कडू सराफाने पान सोडलं. कुणी चहा सोडला, कुणी चपला. उन्हाळा तोंडावर आला होता आणि गुरुजी वर्गात शिकवताना खडूने दाढी खाजवत असत. सुधाकर रस्त्याने निघाला की लोक त्याला नमस्कार करायचे. तो मान खाली घालायचा. लोक म्हणायचे, बघा, अभिमान कसा तो नाही.

आता दुरुस्ती उघडपणे करता येईना. ज्याने गाडी सोडली, त्याचे हात तेलाने काळे कसे? दुपारी गाव निजलं की सुधाकर पडवीतल्या गाडीपुढे पडदा ओढून बसायचा. पेट्रोल येतं का ते बघितलं, येत होतं. प्लग काढून ठिणगी बघितली. चारही प्लगना होती. हवेच्या वाटेत बोळा अडकला असेल म्हणून तीही फुंकून बघितली, मोकळी होती. जुना कार्बोरेटर परत बसवला, पुन्हा नवा बसवला. पेट्रोल होतं, ठिणगी होती, हवा होती, पण तिघांची वेळेवर गाठ पडत नव्हती. हँडल मारलं की खोकला आणि बार. शेजारच्या मालूबाईने निर्मलेला विचारलं, की दुपारी तुमच्याकडे फटाके कसले वाजतात. निर्मलेने सांगितलं, दिवाळीचे उरलेत, सर्दावलेत का ते बघतायत. त्या रात्री तिने सुधाकरला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "खोटं बोलायला मला शिकवू नका. मला ते चांगलं जमायला लागलंय."

मोतीलालकाकांनी गुढीपाडव्याला सुधाकरचा सत्कार ठेवला. त्या दिवशी दुपारी सुधाकर शेवटचा उपाय म्हणून इंजिनाला चिंधी घासत बसला होता. एका जागचा चंदेरी रंग निघाला आणि खाली ओतीव लोखंडातच उठवलेले चार आकडे दिसले. कोणत्या प्लगनंतर कोणत्या प्लगला ठिणगी द्यायची, तो क्रम कारखान्याने तिथे ओतूनच ठेवला होता. सुधाकरने हेड काढताना वायरी सोडल्या होत्या आणि लावताना मधल्या दोन अदलाबदल केल्या होत्या. आणि तो क्रम सांगणाऱ्या आकड्यांवर स्वतःच्या हाताने रंग फासला होता.

त्याने बाकीचाही रंग खरवडून आकडे पुन्हा वाचले. मग दोन वायरी बदलल्या, स्विच लावला आणि हँडलला हात घातला. एवढ्यात दारात ताशा वाजला आणि मोतीलालकाका माणसं घेऊन पडवीतच आले. सुधाकरने हँडल सोडून हात पाठीमागे लपवले. काका म्हणाले, की ज्या गाडीचा त्याग केला तिलाही हार घालायचा, ती मिरवणुकीत पाहिजे. ढकलायला माणसं होतीच. सुधाकर आत बसू शकत नव्हता, म्हणून चाक धरायला निर्मलेला बसवलं.

मिरवणूक निघाली. पुढे ताशा, मग हार घातलेला सुधाकर, मागे हार घातलेली मोटार. इतवाऱ्याच्या उतारावर ढकलणाऱ्यांचे हात सुटले आणि गाडी आपोआप वेग घेऊ लागली. उताराला सुधाकर काय करतो ते निर्मलेने शेजारी बसून कित्येकदा पाहिलं होतं. तिने डाव्या पायाने क्लच दाबला, गिअरचा दांडा पुढे ढकलला आणि पाय सोडला. स्विच चालूच राहिला होता. गाडीने एक हिसका दिला आणि सायलेन्सर नसलेल्या नळीतून असा आवाज निघाला, की ताशावाला ताशा टाकून गटार ओलांडून गेला. सुधाकरच्या कानाजवळून मोटार पुढे निघून गेली. इतका जोर त्या गाडीत कधीच नव्हता. निर्मला चौकाला वळसा घालून आली आणि सभेच्या मंडपापुढे तिने स्विच बंद केला.

लोक धावत आले. सगळ्यांत शेवटी मोतीलालकाका आले. धापा टाकत ते मंडपात चढले आणि दम खात बोलू लागले. अशी घोड्यासारखी गाडी दारात असताना हा माणूस उन्हात पायी चालला, असं ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, की आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, पण याची शपथ ऐकली त्या दिवसापासून मीही मीठ सोडलंय.

सुधाकरला पुढे उभं राहवेना. त्याने हार काढला.

"काका, गाडी बंद पडली होती," तो म्हणाला. "दोन वायरी मीच उलट्या लावल्या होत्या. मला लाज वाटली, म्हणून मी शपथ घेतली असं सांगितलं. आज दुपारपर्यंत ती चालू होत नव्हती."

 सुधाकर जमिनीकडे बघत उभा होता. आता कुणीतरी शिवी देईल, अशी तो वाट बघत होता. शेवटी वसंत गुरुजी उठले आणि त्यांनी हळूच विचारलं, की मग दाढीचं कसं करायचं. कडू सराफाने खिसे चाचपायला सुरुवात केली. सभा फार लवकर आटोपली. न्हाव्याचं दुकान सणाचं बंद होतं, ते लोकांनी उघडायला लावलं. जाता जाता कित्येकांनी सुधाकरचा हात दाबला, आणि ती सुटकेची कृतज्ञता त्याला शिव्यांपेक्षा जड गेली.

मोतीलालकाका तेवढे सरळ घरी गेले. दिवे लागायच्या सुमारास सुधाकर त्यांच्याकडे गेला. काका भाकरी आणि वरण घेऊन बसले होते. सुधाकर उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, की आता तरी मीठ घ्या, ते माझ्या खोट्यापायी सुटलंय.

"तुझं खोटं होतं," काका म्हणाले. "मी तर खरं समजून सोडलं ना? मग माझं खोटं कसं होईल?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आणि तू चार लोकांत बोलला. कशापायी बोलला ते तुझं तू बघ. आता पाळ."

सुधाकरने ती शपथ पाळली. गावाने सोडून दिलेली ती शपथ आता दोघेच पाळत होते. चैत्र-वैशाखात तो भर उन्हात अडतीवर चालत गेला, पावसाळ्यात धोतर वर धरून गेला. आता त्याला कुणी नमस्कार करत नव्हतं. पोरं मागून तोंडाने मोटारीचा बार काढायची. निर्मलेला मात्र मोटार बंद ठेवणं पटेना. ठेवून ठेवून गंजेल, असं म्हणून ती मंडईला न्यायला लागली, मग माहेरी न्यायला लागली. सायलेन्सर तिने परत बसवून घेतला.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला नवी राज्यं झाली. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, राजधानी भोपाळ झाली. मोतीलालकाकांनी त्या दिवशी वरणात मीठ घातलं, एक घास घेतला आणि फार खारट झालं म्हणून ताट सारलं. दुपारी सुधाकर पडवीत आला. गाडी पुसून उभी होती. निर्मला आत चाकापुढे बसून पदर नीट करत होती. त्याने उजव्या बाजूचं दार उघडलं आणि ती सरकेल म्हणून वाट बघितली.

"अहो, तिकडून बसा," ती म्हणाली.

सुधाकरने ते दार लावलं, गाडीला वळसा घालून तो डाव्या बाजूने आत बसला. शनवाऱ्यातून जाताना त्याने मान खाली घातली होती.