नळाजवळचं टेबल

व्हेस्नाने काचेची बरणी दातारांच्या डायनिंग टेबलवर ठेवली आणि म्हणाली, "आईने पाठवलेल्यातली ही शेवटची. यात माझा अख्खा देश आहे, मिस्टर दातार. सांभाळून."

बाळकृष्ण दातारांनी चष्मा सारखा करून बरणीत डोकावून पाहिलं. देश गडद लाल होता आणि दाट पाकात बुडालेला होता.

"मोरांबाच की हो हा," त्यांच्या पत्नी मधुमतीताई मराठीत पुटपुटल्या.

"स्लात्को," व्हेस्ना म्हणाली. "आंबट चेरीचं. आमच्या मॅसिडोनियात पाहुणा आला की आधी हे. तबकात बरणी, चमचे आणि पाण्याचे ग्लास. पाहुण्याने एक चमचा घ्यायचा, वर घोटभर पाणी प्यायचं आणि चमचा त्याच ग्लासात सोडून द्यायचा. मग कॉफी, मग गप्पा."

"एकच चमचा?"

"एकच. दुसरा घेतला तर लोक नंतर नावं ठेवतात."

"आमच्याकडे दुसरा नाही घेतला तर ठेवतात," बाळकृष्ण म्हणाले. "पण कळलं. चमचा, पाणी, चमचा ग्लासात. पाठ झालं."

पाठ झालं, असं ते नंतरही दोनदा म्हणाले. हे लक्षात असू द्यावं.

सौदीतल्या जुबैलच्या त्या कंपाऊंडमध्ये निरनिराळ्या देशांची माणसं राहत होती. थंडी सुरू झाली की पोहण्याच्या तलावाशेजारी जत्रा भरे आणि प्रत्येक देशाला एक टेबल मिळे. भारताच्या टेबलाला तर दोन टेबलं जोडावी लागत. मॅसिडोनियाचं मात्र कंपाऊंडात एकच कुटुंब: व्हेस्ना बालवाडीत शिकवायची आणि नवरा प्लांटवर शिफ्टमध्ये असायचा. म्हणून गेल्या वर्षी त्यांचा झेंडा, भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी आणि विणलेला रुमाल 'इतर' अशी पाटी लावलेल्या टेबलावर गेला होता. त्याच टेबलावर कागदी ताटल्या आणि कचऱ्याच्या पिशव्याही ठेवल्या होत्या. दिवसभरात तिला लोकांनी एवढंच विचारलं होतं, "टिश्यू कुठे मिळतील?"

"माझ्या इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, माझ्या देशाचं नाव लिहिलंय," या वर्षीची जत्रा जवळ आली तेव्हा ती मधुमतीताईंच्या स्वयंपाकघरात बसून डोळे पुसत म्हणाली होती. "आणि टेबलावर मी 'इतर'!"

हे ऐकून बाळकृष्ण तडक कंपाऊंडच्या कार्यक्रमांचा कारभार पाहणाऱ्या हम्माद यांच्याकडे गेले. हम्माद हे अतिशय रीतीचे गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक संध्याकाळ देतो. गुरुवारी, हॉलमध्ये. लोकांना त्यांचा देश कळू द्या. मला कळला, तर या वर्षी स्वतंत्र टेबल. नाही कळला, तर 'इतर'. खलास."

आता अडचण अशी की, चार वर्षांच्या पोरांसमोर वाघीण असणारी व्हेस्ना मोठ्या माणसांसमोर उभी राहिली की तिची जीभ टाळूला चिकटायची. तेव्हा देशाची ओळख बाळकृष्णांनी करून द्यायची, स्लात्कोचं तबक व्हेस्नाने फिरवायचं आणि शेवटी तिच्या आईला मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉल लावायचा, असं ठरलं. आई ओह्रीदच्या तळ्याकाठी राहायची. ती सगळ्यांना नमस्कार सांगणार होती.

बाळकृष्णांना हे काम मिळालं आणि त्यांचा चेहरा उजळला. नाशिकला लहानपणी संध्याकाळी देवळात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत, बुवांच्या बरोबर पायाशी, त्यांची जागा ठरलेली असे. पुढे इंजिनियर झाले, सौदीत आले, डोक्यावरचे केस गेले, पण ती जागा गेली नाही. प्लांटला जाताना गाडीत कीर्तन लागलेलं असायचं आणि पूर्वरंग संपायच्या आत फाटक आलं, तर ते गाडी बंद न करता पार्किंगमध्ये बसून राहायचे.

"दातार, पूर्वरंग जरा आटोपता घ्या हं," शेजारचा शिरीष हॉलच्या दारातच म्हणाला. "आणि शेवटी बिर्याणी आहे का?"

"एक चमचा मोरांबा आहे."

"एक चमचा? त्यासाठी मी शर्टाला इस्त्री केली?"

पण तो आला. चाळीसएक माणसं आली. फिलिपिनो नर्सेस आल्या, लेबनीज जोडपी आली, श्रीलंकेचे अकाउंटंट आले आणि पहिल्या रांगेत, पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमध्ये, डोक्यावर तितकाच शुभ्र रुमाल घेतलेले हम्माद येऊन बसले.

बाळकृष्ण उभे राहिले. सुरुवात त्यांनी इंग्रजीतच आणि रीतसर केली. पण दोन वाक्यांनंतर इंग्रजीला चाल लागली. 'पाहुणा म्हणजे काय' यावर पूर्वरंग झाला. मग ते ओह्रीदच्या तळ्याकडे वळले. ते तळं इतकं नितळ की नावेतून वाकलं तर खालचा गोटा न् गोटा दिसतो, "आणि श्रोतेहो, आपलं मन? आपल्याला आपल्या मनाचा तळ दिसतो का?" एका अकाउंटंटने मान खाली घातली. मग मार्च महिन्यात तिकडची माणसं मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात ती गोष्ट आली. पहिला करकोचा दिसेपर्यंत दोरा सोडायचा नाही, दिसला की तो फुललेल्या झाडाला बांधायचा. "वाट बघायची आणि हातात दोरा ठेवायचा! याहून निराळी भक्ती ती काय?" असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली. नर्सेसनी ती उचलली. बघता बघता सगळा हॉल एका लयीत टाळ्या वाजवू लागला. मॅसिडोनियातली माणसं हात धरून साखळीने नाचतात आणि पहिला माणूस रुमाल फिरवतो, इथपर्यंत बाळकृष्ण आले तेव्हा खुद्द हम्माद यांचा पाय खाली ठेका धरत होता.

बाळकृष्णांनी डोळे मिटले, हात जोडले आणि थांबले.

व्हेस्ना तबक घेऊन पुढे आली. तिने कशीबशी दोन वाक्यं जुळवली. "आता आमची रीत. मिस्टर दातार करतील तसंच सगळ्यांनी करा, त्यांना सगळं माहीत आहे." आणि पहिला मान म्हणून तबक बाळकृष्णांसमोर धरलं.

घात झाला तो इथे. आख्यान संपलंय, डोळे मिटलेत, अंगावर काटा आहे आणि समोर कोणीतरी भांडं घेऊन उभं राहिलंय. अशा वेळी काय करायचं, हे बाळकृष्णांच्या हाताला वयाच्या पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. डाव्या हातावर उजवा हात ठेवून, तळव्याची खोलगट वाटी करून, तो आपोआप पुढे आला.

व्हेस्ना गोंधळली. पण पाहुण्याने हात पुढे केल्यावर नाही कसं म्हणायचं? तिने चमचाभर स्लात्को तळहातावर घातलं. बाळकृष्णांनी ते भक्तिभावाने तोंडात घेतलं आणि ओला तळवा मागे डोक्यावरून फिरवला. मग ग्लास उचलला, मान मागे टाकली आणि ओठ न लावता वरून पाण्याची धार सोडली.

"अहो! चमचा! चमचा!" तिसऱ्या रांगेतून मधुमतीताई ओरडल्या.

बाळकृष्णांनी डोळे उघडले. पण तोवर त्यांच्या शेजारी हम्माद उभे राहिले होते. डाव्या हातावर उजवा हात, तळव्याची वाटी.

हम्माद यांचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. सौदीत आल्यावर बाळकृष्ण पहिल्यांदा त्यांच्या बैठकीत गेले होते, तेव्हा कॉफी पुरे झाली की रिकामा पेला हलवून दाखवायचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते पीत गेले आणि वाढणारा ओतत गेला. त्या दिवसापासून हम्माद यांनी मनाशी ठरवलं होतं की परक्या रीतीत आपली अक्कल चालवायची नाही. जाणत्याकडे बघायचं आणि तस्संच करायचं.

त्यांनी तस्संच केलं. चेरी तोंडात गेली आणि लाल पाकाने माखलेला तळवा पांढऱ्याशुभ्र रुमालावरून कपाळापासून मानेपर्यंत फिरला. पाण्याची धार निम्मी तोंडात आणि निम्मी थोबवर गेली.

मागून रांग लागली. साहेबांनी केलं म्हटल्यावर कोण मागे राहतंय? बाळकृष्णांच्या डोक्याला चिकटायला काही नव्हतंच, पण बाकीच्यांना केस होते. एका नर्सची बट उभी राहिली ती राहिलीच. लेबनीज बाईंनी त्याच दुपारी केस सेट करून आणले होते. त्यांनी क्षणभर देवाचं नाव घेतलं आणि हात फिरवला. पाणी सगळ्यांच्या गळ्यातून, कॉलरमधून आत जात होतं. ठसके, हसणं आणि "यल्ला, नेक्स्ट!" यांनी हॉल दुमदुमला.

"शिरीषभावजी, तुम्हाला तरी कळायला हवं होतं," मधुमतीताई म्हणाल्या.

"मला वाटलं तीर्थच आहे," शिरीष बोटं चाटत म्हणाला. "दोनदा घेतलं."

व्हेस्ना रिकामी बरणी छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा पाहून बाळकृष्णांना आपण काय केलं ते कळलं. एवढ्या हौसेने दिलेला देश त्यांनी लोकांच्या डोक्याला फासला होता आणि ज्याच्या हातात टेबल होतं त्याच्या रुमालावर चार बोटांचा लाल पट्टा उमटला होता. बाई या वर्षीही टिश्यू वाटत बसणार.

ते गळा खाकरून पुढे झाले. "मंडळी, माफ करा. चूक माझी आहे. मॅसिडोनियाची रीत चमच्याची आहे. हे हातावर घेणं, डोक्याला लावणं, वरून पाणी पिणं, सगळं आमच्याकडचं. माझं भान सुटलं. व्हेस्नाताईंचा यात काही दोष नाही."

चाळीस चिकट माणसं हम्माद यांच्याकडे पाहू लागली. हम्माद यांनी सावकाश रुमालाला हात लावला आणि बोटांकडे पाहिलं.

नेमका त्याच क्षणी कॉल लागला. पडद्यावर व्हेस्नाची आई, म्हणजे ओह्रीदच्या आजी आल्या. काळा स्कार्फ, मागे खिडकी आणि खिडकीत तळ्याची निळी पट्टी. त्यांनी हॉलकडे पाहिलं. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या दोन अकाउंटंटनी अजून काही ऐकलंच नव्हतं. ते मनोभावे डोक्यावरून हात फिरवत होते. हे काय, असं आजींनी विचारलं. व्हेस्नाने खालच्या मानेने काहीतरी सांगितलं. मग आजी बोलू लागल्या आणि बोलता बोलता स्कार्फच्या टोकाने डोळे पुसू लागल्या.

"काय म्हणतात?" बाळकृष्णांनी घाबरत विचारलं.

या वेळी व्हेस्नाची जीभ टाळूला चिकटली नाही. "आई म्हणते, तू वाळवंटात गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, तिकडे माझं स्लात्को कोणी तोंडात तरी घेईल का? आणि इथे तर माणसं ते डोक्याला लावतायत." ती थांबली, कारण आजी अजून बोलत होत्या. "आणि म्हणते, झोपायच्या आधी सगळ्यांनी डोकं धुवा. मुंग्या येतील."

हॉल हसण्याने असा फुटला की पडद्यावर आजीही हसायला लागल्या. एका नर्सने व्हेस्नाचा हात धरला, तिचा हात दुसऱ्या कोणी, आणि खुर्च्यांमधून साखळी निघाली. बाळकृष्णांनी सांगितलेलं लोकांच्या लक्षात होतं. हातात फिरवायला रुमाल हवा होता. शिरीषने खिशातला काढला.

हम्माद बाळकृष्णांपाशी आले. "माझ्या घरी तुम्ही कॉफीचे किती पेले प्यायलात, आठवतं?"

"मोजले नव्हते," बाळकृष्ण ओशाळून म्हणाले. "तीन रात्री झोप नव्हती."

"आम्ही काय केलं? ओतत राहिलो. पाहुण्याच्या चुकीने रीत मोडत नाही, बाळकृष्ण भाई." त्यांनी व्हेस्नाकडे वळून मान लववली. "मॅडम, तुमचं टेबल स्वतंत्र. नाव मोठ्या अक्षरात." मग चिकट तळव्याकडे पाहून म्हणाले, "फक्त ते नळाजवळ ठेवतो."

जत्रेच्या दिवशी मॅसिडोनियाचं टेबल नळाजवळ लागलं आणि भारताच्या जोडटेबलापेक्षा लांब रांग तिथे होती. चेरी संपलेल्या, म्हणून व्हेस्ना आणि मधुमतीताईंनी हुफूफहून आणलेल्या ताज्या खजुरांचं स्लात्को केलं होतं. मधुमतीताईंनी गुपचूप वेलदोडा टाकला होता, तो व्हेस्नाला लगेच कळला आणि तिने बरणीचं झाकण लावून हसून सोडून दिलं. बाळकृष्ण महिनाभर घरी सराव करून आले होते. त्यांनी चमचा घेतला, घोटभर पाणी घेतलं, चमचा ग्लासात सोडला. अगदी बिनचूक. पण रांगेतल्या एकानेही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्यांच्या मागे एक उंच तरुण होता. नुकताच स्कोप्येहून प्लांटवर रुजू झालेला. इतक्या दूर आपल्या देशाचं नाव मोठ्या अक्षरात पाहून त्याचे डोळे भरून आले होते. त्याने, त्याच्या आजीने शिकवलं होतं तसा, चमचा उचलला.

टेबलापाशी उभ्या असलेल्या हम्माद यांनी हलकेच त्याचं मनगट धरलं.

"तुमच्या देशात चमच्याने घेत असतील, बेटा," ते मायेने म्हणाले आणि त्याचा तळवा उताणा करून दिला. "आमच्या मॅसिडोनियात असं घेतात."