पार्किंगमधली मनःशांती

मनःशांती माणसाच्या आतच असते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. विश्वजितची गाडीच्या आत होती, आणि तीही काचा वर असल्या तरच.

ऐरोलीच्या त्याच्या ऑफिसात माणसांना दिवसभर पिळून काढत आणि महिन्यातून एकदा त्यांच्या मनःस्वास्थ्यावर व्याख्यान ठेवत. "ऑफिसचं टेन्शन उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. मध्ये अर्धा तास स्वतःसाठी थांबायचं," असं व्याख्यानवाल्या बाई म्हणाल्या होत्या. म्हणून विश्वजित जुईनगरला पोचला की सोसायटीच्या पार्किंगमध्येच सीट मागे टाकून डोळे मिटून पडायचा. दिवसातला तेवढाच अर्धा तास त्याचा होता.

एके संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या वैजयंतीकाकूंनी काचेवर अंगठीने टकटक केली.

"घरी भांडलास का रे?"

"नाही काकू. जरा शांत बसलोय."

"घर असताना?"

याला उत्तर नव्हतं. आपल्याकडे उत्तर नसलं की सोसायटी पुरवते. सेक्रेटरी भगवान म्हात्रे येऊन आत डोकावले.

"नोकरी गेली काय? वॉचमन बोलला, रोज बसता. लाजायचं नाय. माजा मेवना पन नोकरी गेल्यावर डबा घेऊन गार्डनमध्ये बसायचा."

"गेली नाही हो माझी."

"तो पन असाच बोलायचा."

मग माणुसकी म्हणून म्हात्र्यांनी इंटरकॉमवरून विश्वजितच्या बायकोला कळवलं. तेजश्रीने नवऱ्याला विचारण्यात वेळ घालवला नाही. तिने थेट त्याच्या मॅनेजरला, केयूरला, फोन लावला आणि बोलत बोलतच खाली आली. विश्वजितने काच पूर्ण उतरवली तशी तिने मोबाइल स्पीकरवर टाकून आत सरकवला.

"घे, बोल. सरांना सगळं सांगितलंय मी."

"विश्वा, तुझी नोकरी कशाला जाईल? तू आपला खांब आहेस," केयूर मायेने म्हणाला. "पण वहिनी म्हणतात, तू रोज अर्धा तास नुसता बसून असतोस. मला बोलायचंस ना. अमेरिकेच्या कॉलला मी केव्हापासून माणूस शोधतोय."

"सर, तेवढ्यात मी जरा रिलॅक्स..."

"रिलॅक्स होऊनच घे ना मग. गाडीतून घेतलास तरी चालेल."

तेजश्रीचा जीव भांड्यात पडला. काकूंनी गाडीच्या टपावर थोपटलं. म्हात्रे जरा हिरमुसले आणि जिन्याकडे वळले.

कॉल दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. पार्किंगमध्ये नेटवर्क चांगलं येतं.